तळ्याचे दोन फोटो

शहाऐंशीच्या दुष्काळात मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत सर्वेवाल्या साहेबांनी उपग्रहातून काढलेले फोटो पसरले. "काळं दिसतं ते पाणी," ते म्हणाले.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातल्या फोटोत गावतळं काठोकाठ काळं होतं.

"न्हाय हो साहेब," कचेरी झाडणारी चाँदबी हसली. "तवा तळ्यात धूळ उडत होती. माझा नवरा तिथंच गाळ काढायला गेला अन् परत आला न्हाय. लोक म्हणत्यात, दुसरी बाई घेऊन पळाला."

साहेबांनी यंदाचा फोटो ठेवला. यंदाही तळं ठणठणीत कोरडं; फोटोत मात्र काळं निम्म्यावर चढलेलं.

चाँदबी अनवाणीच धावली. तिची जैनब तळ्यातच गाळ उपसत होती.

"जैनब, वर ये!"

भेगाळल्या तळातून लेकीनं हात हलवला. सावकाश, पाण्यात हलवावा तसा.