हातोड्याचे तीन दिवस

“पुढे बघ, एव्हरार्ड. माझ्याकडे काय टक लावून बसलायस? मेले नाही मी अजून.”

लिओटीनबाई शिडाच्या सावलीत पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. डोक्यावर चर्चला जायची हॅट, मांडीवर पर्स. त्यांच्या मुलाने मुकाट्याने मान वळवली. समोर समुद्राखेरीज काहीच नव्हते. त्यांचे बेट इतके सखल होते की आधी नुसते नारळाचे शेंडे दिसत, आणि जमीन दिसेपर्यंत होडी पोवळ्याच्या खडकांत शिरलेली असे.

“आज पोचू ना, टेलमन?” एव्हरार्डने विचारले.

“ऊन डोक्यावर आहे तोवर पोचायलाच हवं,” सुकाणू धरून बसलेला टेलमन म्हणाला. “ऊन कललं की पाण्याखालचा खडक दिसत नाही. आणि उद्यापासून वारा उत्तरेचा. मग आठ दिवस वाट बंद.”

आठ दिवस त्यांच्यापाशी नव्हते. परवा मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लिओटीनबाईंना आत बोलावून दार लावून घेतले होते. बाहेर आल्यावर त्यांनी हॅट सारखी केली आणि मुलाला सांगितले, “दोन आठवडे म्हणतोय. कदाचित तेवढेही नाहीत. परक्या वाळूत कुणी पुरायचं नाही. घरी जायचं.”

सहा फुटांहून उंच, पन्नाशीचा एव्हरार्ड तिथल्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. आईला तपासण्यांसाठी ठेवून घेतले होते, ते दहा दिवस तो त्याच बाकावर झोपत होता. मध्येच एकदा रांगेत त्याला भोवळ आली, तेव्हा नर्सने त्याचेही रक्त तपासायला घेतले होते आणि लिओटीनबाईंनी त्याला बळेच दोन पाव खायला लावले होते.

आताही त्यांनी फडक्यातून तळलेली भाकरी आणि खारा मासा काढून त्याच्यापुढे धरला.

“भूक नाही, आई.”

“मरायला निघालेय मी, आणि जेवण टाकतोयस तू!”

टेलमन खदखदून हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला.

एव्हरार्ड हसला नाही. “कबरीचं कळवलंस का?” त्याने टेलमनला हलकेच विचारले.

“सकाळीच. रेडिओवरून. हेझेकाया माप घ्यायला धक्क्यावर येईल.”

बेटावर माती वीतभरच होती. खाली सगळा पोवळ्याचा कठीण दगड. एक कबर खोदायला तीन दिवस लागत, आणि त्या उष्म्यात प्रेत तीन दिवस ठेवता येत नसे. म्हणून माणूस जिवंत असतानाच त्याचे माप घेऊन छिन्नी-हातोडा सुरू करायचा, ही तिथली पूर्वापार रीत होती. बेटाला टेकडी नव्हती, रान नव्हते. घाव घरोघरी ऐकू जात. ज्याची कबर असे, त्यालाही.

“बाबा घाव मोजायचे,” एव्हरार्ड म्हणाला. “तिसऱ्या दिवशी हातोडा थांबला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. सोडेचनात. आई, तुला ते सगळं ऐकावं लागणार.”

“ऐकेन की. हेझेकाया पक्का कामचुकार आहे. किती वेळा टेकतो ते तरी कळेल मला.”

“चेष्टा नको गं. माझ्यावर ती वेळ आली ना, तर मी हातोड्यानंच मरेन, आजाराच्या आधी.”

“ठाऊक आहे मला,” लिओटीनबाई म्हणाल्या. “लहानपणी हातोडा सुरू झाला की खाटेखाली कोण शिरायचं? मी शिरले होते?”

एव्हरार्डने समोर बोट दाखवले. नारळाचे शेंडे दिसू लागले होते.

खडक जवळ आले. पाणी कुठे हिरवे, कुठे तपकिरी झाले. तपकिरी म्हणजे खाली खडक; तो रंग टाळत जायचे. वाट बघायला एव्हरार्ड होडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहिला आणि लगेच धापा टाकीत खाली बसला. होडीचा तळ कुठेतरी खरवडला.

“टेलमन, डोलकाठीवर चढ आणि वाट सांग,” लिओटीनबाई उठल्या. “सुकाणू मी धरते.”

“मिस लिओटीन, आजारी माणसानं असं...” बेटावर वडीलधाऱ्या बाईला सगळे ‘मिस’च म्हणत.

“आजाऱ्याचं ऐकायचं असतं. चढ.”

टेलमन चढला. तो वरून डावे-उजवे ओरडत गेला आणि शहात्तर वर्षांच्या लिओटीनबाईंनी होडी खडकांतून सफाईने आत घातली.

धक्क्यावर हेझेकाया टोपी काढून उभा होता. त्याच्या हातात गाठी मारलेली मापाची दोरी होती.

“ऐकून वाईट वाटलं, मिस लिओटीन. तेवढं माप...”

“इथे? चारचौघांत? मला काय बाजारातला मासा समजलास? घरी ये.”

घरी पोचल्यावर एव्हरार्डने आईसाठी खाट झटकली. लिओटीनबाईंनी त्यालाच तिच्यावर बसवले आणि वाकून त्याचे बूट काढले.

“आई, काय हे! तू पड.”

“मला पुढे पडूनच राहायचंय. तू दमलायस. डोळे मीट.”

“हातोडा सुरू झाला की उठव मला. मी तुझा हात धरून बसेन. तू एकटीनं ऐकायचं नाहीस.”

“नाही ऐकणार एकटीनं. झोप.”

तो लगेच झोपला. लिओटीनबाई काही वेळ तिथेच बसून राहिल्या. मग बाहेर आल्या. हेझेकायाने दोरी उलगडली.

“सरळ उभ्या राहता का, मिस लिओटीन? टाचेपासून घेतो.”

लिओटीनबाईंनी मागे वळून आतल्या खोलीचे दार ओढून घेतले आणि त्याच्या हातातली दोरी बाजूला सारली.

“सहा फूट दोन इंच,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. “त्याच्या बापाच्या डाव्या हाताला. आणि हेझेकाया, त्यानं विचारलंच, तर माझी खोदतोयस म्हणून सांग.”