शांत घर

"पाळणाघराचा परवाना आईच्या नावाचा होता, नालियाका. तिच्याबरोबर तोही गेला."

म्विकाली दारातच उभी होती. आईला गावी मातीत ठेवून ती कालच अथी रिव्हरच्या कामगार वस्तीत परतली होती, खोली रिकामी करायला. पहाटे थाप पडली. दारात नालियाका. पाठीवर फडक्यात बांधलेला सिमियू, हातात नाचणीच्या पेजेची बाटली.

"मग तू सांभाळ ना, ताई. तुझ्याही अंगाखांद्यावर वाढलीत की मुलं."

"नवा परवाना काढायचा तर कौंटी सरकारची बाई येऊन खोली बघेल, मला बघेल, मग ठरेल. तोवर एकही मूल घेता येत नाही."

"कोण तपासायला बसलंय?"

"आई बसलीय," म्विकालीनं भिंतीकडे पाहिलं. काचेतल्या परवान्यावर आईचा फोटो होता, कपाळाला आठ्या घातलेला.

नालियाकानं बाटली पिशवीत टाकली. "जाऊ दे. मागच्या गल्लीत जॉयच्या आईकडे ठेवते. राग मानू नकोस, पण तुमच्याकडे नुसता बाजार भरलेला असायचा. तिचं घर कसं शांत! वीसेक मुलं, पण एक रडेल तर शपथ."

म्विकालीला आपली आई आठवली. आई दिवसा दाराला कडी लावत नसे. कुठलीही आई कधीही आत यायची, झाकण उचलून भात बघायची. आणि आई म्हणायची, "वीस मुलं एकदम झोपत नाहीत गं. त्यांना काहीतरी पाजावं लागतं."

"दुपारी जाऊन बघ," ती म्हणाली. "न सांगता. दार उघडायला वेळ लागला, सगळी झोपलेली दिसली, तर ह्याला उचल आणि निघ."

नालियाका थकलेलं हसली. "दुपारी मी मशीनवर असते. लघवीला जायचं तरी मुकादमाला विचारावं लागतं. दुपारी जाऊन बघता आलं असतं, तर मूल दुसऱ्याकडे ठेवलंच कशाला असतं?"

शिवणकारखान्याचा भोंगा झाला. ती पळतच निघाली. फडक्याबाहेर आलेलं सिमियूचं डोकं गल्लीच्या वळणापर्यंत हलताना दिसत होतं.

म्विकाली आवरत राहिली. पातेली, छोट्या चटया, दात उमटलेले प्लास्टिकचे चमचे. ऊन डोक्यावर आलं तसा तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

जॉयच्या आईचं पत्र्याचं दार आतून बंद होतं.

"कोण?" बऱ्याच वेळानं आवाज आला.

"सिमियूची मावशी."

"संध्याकाळी या. मुलं झोपलीत."

"मी आत्ता आलेय. दार उघडा."

कडी निघाली नाही. म्विकालीनं तापलेल्या पत्र्याला कान लावला. आत कुणी साधं खोकतसुद्धा नव्हतं.

तिनं मूठ वळली आणि पत्र्यावर मारायला सुरुवात केली. एखादं तरी दचकून रडेल म्हणून ती मध्येच थांबायची, ऐकायची, आणि पुन्हा मारायची.