तारा नसलेला तंबोरा

तंबोऱ्याला अजून तारा चढल्या नव्हत्या, तरी तो वाजत होता.

चांदसाहेबांनी भोपळ्यावरचा कान काढला आणि पुन्हा लावला. आतून बारीक घुंऽऽ घुंऽऽ असा आवाज येत होता, थांबायचं नाव नव्हतं. मिरजेत तंबोरे करण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली होती. भोपळा कुठे जाड राहिलाय, लाकूड कुठे कच्चं आहे, हे ते नुसता कान लावून सांगत, आणि गल्लीत त्यांच्या कानावर अपील नव्हतं. पण ज्याला तारच नाही, त्याने वाजायचं कशाच्या जोरावर?

तंबोरा त्यांच्या मुलाच्या, मुजीबच्या मांडीवर होता. भोपळा पोटाशी धरून तो पॉलिश पेपर घासत होता. हे त्याचं या दुकानातलं शेवटचं काम. दाराशी त्याची पिशवी भरून ठेवलेली होती. दुपारच्या गाडीने घरातून चालतं व्हायचं, असं चांदसाहेबांनी काल त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं.

कारण उघड होतं. दारूने मुजीबचं लिव्हर गेलं, तेव्हा थोरल्या बहिणीने, शमशादने, आपल्या लिव्हरचा तुकडा त्याला दिला. आठ महिन्यांपूर्वी पुण्यात ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने दारू सोडल्याची शपथ घेतली. आणि गेल्या दोन महिन्यांत त्याचं पोट पाण्याने पुन्हा फुगलं, अगदी पहिल्यासारखं. "पीत न्हाई, अब्बा," असं तो म्हणायचा. पण पहिल्या वेळीही तो हेच म्हणायचा.

चांदसाहेब रोज सकाळी त्याला दुकानाच्या उंबऱ्यावर उभं करत आणि तोंडाचा वास घेत. चौतीस वर्षांचा बाप्या मान खाली घालून तोंड उघडायचा. वास एकदाही आला नाही. मग हा लवंग चघळून येतो, असं चांदसाहेबांनी ठरवून टाकलं. शमशाद तासगावहून दर आठवड्याला येई आणि पुण्याला दाखवूया म्हणून मागे लागे. "कुठल्या त्वांडानं जायाचं? त्या डॉक्टरानं शपथ ऐकलीया त्याची," असं म्हणून त्यांनी तिलाच गप्प बसवलं होतं. भल्या माणसाला लाजेपुढे काही सुचत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. दोन महिन्यांत मुजीबच्या हातचे तीन तंबोरे त्यांनी नापास केले होते. तंबोरा त्याच्या मांडीवर असताना कान लावला, की तारांच्या मागे काहीतरी घुमायचं. "हात कापतोय तुझा. पिऊन बसतोस कामाला," असं म्हणत त्यातला एक त्यांनी त्याच्यासमोरच फोडला होता.

आज मात्र तारा नव्हत्या.

"हात काढ," चांदसाहेब म्हणाले.

मुजीबने दोन्ही हात वर केले. आवाज चालूच राहिला. चांदसाहेबांनी तंबोरा स्वतःच्या मांडीवर घेतला. भोपळा मुका. पुन्हा मुजीबच्या पोटाला टेकवला. घुंऽऽ घुंऽऽ. त्यांनी तंबोरा बाजूला ठेवला, पोराचा सदरा वर केला आणि ऑपरेशनच्या व्रणाशेजारी, बरगडीखाली, सरळ पोटालाच कान लावला. मग ते मागे सरकले आणि भिंतीला टेकून बसले. 

"अब्बा, काय झालं?" भावाला निरोप द्यायला आलेली शमशाद आतून धावत आली. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. तिने कान लावला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दाराशी भरून ठेवलेली पिशवी तिनेच उचलली. त्याच दुपारच्या गाडीने तिघं पुण्याला गेले.

तंबोऱ्याची हकीकत ऐकून डॉक्टर हसले, आणि स्टेथोस्कोप लावताच हसता हसता थांबले. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. तीन महिन्यांपूर्वी नव्या लिव्हरचा तुकडा तपासायला सुई घातली होती. त्या सुईच्या वाटेवर एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाले. धमनीचं जोरातलं रक्त नाजूक शिरेत घुसत होतं. त्याचाच तो आवाज, आणि त्याच दाबाने पोटात साठलेलं पाणी.

"आणि दारू?" चांदसाहेबांनी खालच्या आवाजात विचारलं.

"कित्येक आठवड्यांत थेंबही नाही. रक्तात कळतं ते."

मुजीब बापाकडे बघत होता. बापाला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी जांघेतून बारीक नळी घालून ती जोडलेली वाट आतून बंद केली. दीड तास लागला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला होता. शमशाद तिथेच खाली बसून रडायला लागली.

"आवाज थांबला. पाणीही हळूहळू ओसरेल," डॉक्टर म्हणाले. "अजून थोडे दिवस गेले असते तर रक्ताच्या उलट्या होऊन हातचा गेला असता. चाचा, तुमच्या कानाने पोरगा वाचवला बघा."

त्यांनी चांदसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. चांदसाहेबांनी तो हळूच बाजूला केला.

"वाचीवलं कसलं, सायेब," ते म्हणाले. "कानाला तर दोन म्हैन्यामागंच ऐकू आलं हुतं. मी त्याचं त्वांड हुंगत बसलो."