वऱ्हाडाची बस

स्टूल कलंडलं आणि सुगंधा गॅलरीच्या कठड्यावरून थेट बाहेर गेली. दहिसरची चाळ, दुसरा मजला, खाली फरशी. पण ती फरशीपर्यंत पोचलीच नाही. मधल्यामध्ये कुणीतरी तिला अलगद झेललं, वर आणलं आणि पुन्हा गॅलरीत उभं केलं. झेलणारा मात्र कठड्याबाहेर हवेतच उभा राहिला.

तिने आधी हातातला आकाशकंदील तपासला. फाटला नव्हता. मग त्याच्याकडे पाहिलं. चुरगळलेला निळा सूट, पाठीवर तसाच चुरगळलेला लाल झगा.

“कोणाचो झील रे तू?”

“तुझाच,” तो म्हणाला. “मी हर्षद.”

“माझं लग्नच झालं नाही, मेल्या!”

“इथे नाही. तिकडे झालं होतं.” त्याने वर बोट केलं. “उंच गेलं की एका जागी आकाश पातळ होतं. त्याच्या पलीकडे दुसरी मुंबई आहे. तिथे तू माझी आई होतीस.”

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर तिने त्याला जिन्यावरून हाकललं असतं. पण ह्याचे पाय कुठेच टेकलेले नव्हते.

“आत ये आधी. लोक बघतायत.”

आत कढईत चकल्या तळत होत्या. तिने त्याच्यापुढे बशी ठेवली. तो मात्र तिच्याकडेच बघत राहिला.

“होतीस म्हणालास,” झारा हलवत ती म्हणाली.

“गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेलीस. हार्ट अटॅक. घरात एकटी होतीस.”

“आणि तू?”

“मुलुंडला. पूल खचला होता, वर वऱ्हाडाची बस अडकलेली. मी खालून खांदा लावून उभा होतो. फोन वाजत होता गं, मला ऐकू येत होता. हात काढता येत नव्हता.” त्याचा आवाज बारीक झाला. “त्यानंतर मी कुणालाच उचललं नाही. आज पहिल्यांदा. आई, तुला न्यायला आलोय. चल माझ्याबरोबर.”

सुगंधाने गॅस बारीक केला.

“मी कशी येऊ, बाळा? तुला जेवायला वाढताना ती काय बोलायची, ते मला कुठे माहीत आहे? दोन दिवसांत तुलाच कळेल, ही ती नाही.”

त्याने मान खाली घातली. येतानाही त्याला हे कळत होतंच.

कढईतल्या चकल्या उलटवत तिने विचारलं, “बसमधले सगळे उतरले?”

“सगळे.”

“मग घरी जाऊन तिला काय सांगणार होतास?”

त्या दिवशी घरी येताना हर्षद वाटभर गोष्ट जुळवत आला होता. आई कुठे हसेल, तेही त्याला माहीत होतं. पोचला तेव्हा दारात माणसं जमली होती. मग ती गोष्ट राहूनच गेली.

“मला सांग,” सुगंधा म्हणाली. “आणि तो पाठीवरचा पदर दे इकडे, इस्त्री फिरवते. बोल तू, कान मोकळे आहेत माझे.”

हर्षदने झगा उतरवून तिच्या हातात दिला.

“नवऱ्याची आत्या... लाडवांचा डबा मिळाल्याशिवाय उतरेना.”

“बरोबरच आहे तिचं!”

“बँडवाल्याचा तो मोठा भोंगा दारात अडकला. मागून सगळे ढकलतायत आणि तो ओरडतोय, भाड्याचा आहे, चेपू नका! इकडे मी पूल घेऊन उभा.”

“अगो बाई!”

“आणि नवरी. मुंडावळ्यांसकट खिडकीतून वाकली आणि मला विचारते, दादा, दमलात का? कोकम सरबत देऊ?”

सुगंधाने इस्त्री बाजूला ठेवली आणि पोट धरून हसायला लागली. नेमकं तिथेच. हर्षद क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यालाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना.

शेजारच्या सोनूबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

“काय झालं गो एवढं हसायला?”

“ये, बस. ह्याने वऱ्हाडाची अख्खी बस खांद्यावर धरली होती. हर्षद, हिला पहिल्यापासून सांग.”

हर्षदने एक चकली तोंडात टाकली, सरकून सोनूबाईंना जागा करून दिली आणि नीट मांडी घातली.

या वेळी बस डबलडेकर होती.