सरांची शिफारस

परदेशातल्या एका शाळेने विज्ञानाच्या बाईंना नोकरी देऊ केली होती. आता फक्त मुख्याध्यापकांची शिफारस हवी होती. पण आठ दिवस झाले तरी सरांच्या टेबलावरचा फॉर्म हलेना. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"सर, उद्या शेवटची तारीख आहे," शेवटी त्या म्हणाल्याच.

"बाई, खोटं मला लिहवत नाही, आणि खरं लिहिलं तर तुम्ही निघालात!"

त्या संध्याकाळी फॉर्म गेला. काय लिहिलं, ते सरांनी सांगितलं नाही.

नव्या शाळेत पहिल्या पंधरा दिवसांतच बाईंच्या नाकी नऊ आले. मुलांना त्यांचे उच्चार कळत नव्हते, आणि मधल्या सुट्टीत शेजारी येऊन कुणी बसत नव्हतं. तिथल्या मुख्याध्यापिकेने बोलावलं, तेव्हा आता नारळ मिळणार अशी त्यांची खात्रीच झाली. पण तिने चहाचा कप आणि तो फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

"आमचंच चुकलं. शेवटचं उत्तर वाचा."

प्रश्न होता, या शिक्षिकेला पुन्हा नोकरीवर घ्याल का?

सरांनी लिहिलं होतं, "एका पायावर तयार आहे. म्हणूनच विनंती करतो, त्यांना इतकं जपा की त्यांना परत यावंसंच वाटू नये."