वरच्या खुणेपर्यंत

व्हर्नने गाडीच्या इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली, चिंधीने पुसली, परत आत घातली आणि पुन्हा ओढून उजेडात धरली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. गॅरेजच्या कोपऱ्यात बर्फावर टाकायच्या मिठाची पोती होती. त्यांच्यामागून त्याने बाटली काढली आणि इंजिनात हळूहळू ओतली.

त्याची बायको मार्लिस चर्चमध्ये गात होती. ती शेजारणीच्या गाडीतून परत यायला अजून चाळीस मिनिटं होती.

ऑइल ओतणं व्हर्नला नवं नव्हतं. ड्युलूथच्या रेल्वे यार्डात त्याने तीस वर्षं इंजिनांची सेवा केली होती. पण ही नवी मोटार बायकोची. ती नर्स, खेडोपाडीच्या म्हाताऱ्या पेशंटांकडे जायची, तीन आठवड्यांत हजार मैल सहज व्हायचे. जुलैत गाडी दारात आली त्याच दिवशी तिने बजावलं होतं, "बॉनेट उघडायचं नाही हं. सगळं शोरूमवाले बघतील. तू बोट लावलंस आणि वॉरंटी गेली, तर तुझ्याशी गाठ आहे!"

तीस वर्षांच्या मिस्तरीला हे ऐकून घ्यावं लागलं. बोलणं हा तसाही त्याचा प्रांत नव्हता.

ऑगस्टमध्ये ऑइलचा दिवा लागला. मार्लिस गाडी शोरूमला घेऊन गेली, दोन तासांनी परतली आणि हसतच परतली.

"सर्व्हिसला तो डुएन आहे ना, काय बोलतो माणूस! म्हणे, गाडी कुरकुरते तोवर ठीक, गप्प झाली की काळजी करावी. म्हटलं, माझ्या घरी तसाच एक आहे."

"मग?"

"मग काय? हसला."

मार्लिसला असं हसताना व्हर्नने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसू दुसऱ्याने कमावलं होतं. रात्रभर विचार करून त्याने सोपा उपाय काढला. दिवाच लागला नाही, तर ही तिकडे जाईल कशाला? ना रहेगा बांस म्हणतात ना, तसं. त्या रविवारपासून ती गायला गेली, की हा बॉनेट उघडायचा. पट्टीवरचं ऑइल वरच्या खुणेला टेकलं, की बाटली परत पोत्यांमागे. नवीकोरी असून ही गाडी आठवड्याला अर्धी बाटली ऑइल पिते, हे त्याच्या मिस्तरी डोक्याला खटकायचं. पण ते बायकोला सांगायचं, म्हणजे तिला हाताला धरून डुएनच्या दारात नेऊन सोडण्यासारखंच.

दिवा पुन्हा लागला नाही. मार्लिस मात्र जात राहिली.

"आज शोरूमला जाऊन येते. ऑइल बघायला बोलावलंय."

"परत?"

"तीन आठवडे झाले ना."

ऑइल बघायला! कालच तर त्याने स्वतःच्या हाताने भरलं होतं. व्हर्नने कॉफीचा घोट गिळला. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं संशयी माणसाच्या मनात सदा अमावस्या. सप्टेंबरात ती गेली. ऑक्टोबरात दोनदा गेली. नोव्हेंबरात कानात डूल घालून गेली, आणि बरोबर डबाभर लिंबाच्या वड्या. घरी कडेचे तुकडे तेवढे राहिले होते. ते व्हर्नने उभ्या उभ्याच खाल्ले आणि त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

डिसेंबरात मार्लिस शोरूमला गेली, तेव्हा वायपर घ्यायच्या निमित्ताने तोही मागोमाग गेला. कपाटाआडून त्याने पाहिलं. डुएन म्हणजे कुणी राजबिंडा असेल असं त्याला वाटलं होतं. हा तर बुटका, टकला, कान सुपासारखे. याचाच त्याला जास्त राग आला.

"आजही नाही, मार्लिस," डुएन म्हणत होता.

"म्हणजे परत यायचं?"

"यायला तर लागणारच."

आणि दोघंही हसली. व्हर्न वायपर न घेताच बाहेर पडला. त्या रविवारी ऑइल ओतताना त्याने वरच्या खुणेखाली केसभरही जागा सोडली नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो बाहेरचा बर्फ उपसून घरात आला, तर मार्लिस कोट घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पायाशी बॅग होती.

"मी जातेय, व्हर्न. डुएनकडे. मला तुझ्यापासून चोरून काही करायचं नव्हतं, म्हणून थांबले."

व्हर्न खुर्चीवर बसला. पाच महिने दाबून ठेवलेलं आता बाहेर आलं. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! ऑइल बघायला म्हणे. त्या गाडीत ऑइल कधी कमी नव्हतं, मार्लिस. तुला तिकडे जायची गरजच नव्हती!"

"कमी नव्हतं म्हणूनच जावं लागत होतं." तिचा आवाज शांत होता, जरा हळवाही. "इंजिन ऑइल खातंय असा डुएनला पहिल्याच दिवशी संशय आला होता. पण कंपनीचा नियम आहे, हजार मैलांनी गाडी आणून दाखवायची. ऑइल उतरलेलं दिसलं, की लगेच नवं इंजिन मिळतं आणि विषय संपतो. दर वेळी तो पट्टी काढायचा आणि ऑइल काठोकाठ! घरी कुणी भरतं का, असंही त्याने विचारलं. मी शपथेवर सांगितलं, माझा नवरा तिकडे ढुंकूनही बघत नाही. मग काय, परत हजार मैल, परत त्याच्यासमोर तासभर बसायचं."

ती उठली. तिने बॅग उचलली.

"पहिले तीन महिने तो माणूस मला नुसता गमतीदार वाटायचा, व्हर्न, बाकी काही नाही. एकदा, फक्त एकदा जरी ऑइल कमी निघालं असतं ना, तर मी परत तिकडे फिरकलेसुद्धा नसते."