एकटीची शर्यत

फळ्यावरचं चौथं नावही ओल्या फडक्यानं पुसलं गेलं आणि एकच घोडी उरली. धाकटी.

"मामा, आज मी डोळे मिटूनही जिंकतो," खोगिरावर बसलेला भाचा म्हणाला. घोडे शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाताखालचा जॉकी तोच.

"डोळे उघडे ठेव आणि तोंड मिट," मास्तर म्हणाले. पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

अलीकडे इथल्या शर्यतींना घोडे जमतच नव्हते. बक्षीस इतकं उतरलं होतं की घोडा गाडीत घालून आणायचा खर्चही त्यातून सुटत नसे. ज्यांना परवडत होतं ते मोठ्या बक्षिसांच्या मैदानांकडे निघून गेले. मागे राहिले ते मास्तरांसारखे. त्यात आज जमीन दगडासारखी कडक झालेली. एवढ्याशा बक्षिसासाठी घोड्याचे पाय कोण मोडून घेणार? चौघांनी नावं मागे घेतली.

कठड्याशी उभ्या तबेल्याच्या मालकीणबाईंना मात्र हा प्रकार काही उमगेना. "मास्तर, एका घोड्याची कधी शर्यत होते का?"

"होते, बाई. स्वार पाठीवर घेऊन पुरं अंतर कापायचं आणि शेवटचा खांब ओलांडायचा. चालत गेली तरी चालेल. अर्धं बक्षीस आपलं."

"अर्धंच का?"

"हरायला कोणी नाही म्हणून."

बाईंनी पदरानं मानेवरचा घाम टिपला. "ठीक आहे. अर्ध्यात पुढच्या हंगामापर्यंतची दाणावैरण निघेल. तेवढं झालं तर तबेला चालू ठेवते. नाहीतर उद्या व्यापारी येतोय, सगळे घोडे त्याच्या हवाली करीन. मग मला अडवू नका. तुमच्या शब्दावर दोन हंगाम थांबले मी."

"बाई, आज हरायचं म्हटलं तरी जमायचं नाही," मास्तर म्हणाले.

फाटक उघडलं. धाकटी दुडक्या चालीनं बाहेर पडली. प्रेक्षकांत मोजकी टाळकी होती, पण त्यांना चेव आला.

"अरे पळ, पळ! मागची गाठतेय बघ!"

"निकाल फोटोवरच लागणार आज!"

मालकीणबाईसुद्धा हसल्या. भाच्यानं चाबूक काखेत मारला होता आणि लगाम सैल सोडला होता. समोरची सरळ धाव संपली, मधलं वळण गेलं. शेवटच्या वळणावर धाकटीची चाल तुटली. एक कान मागे फिरला. मग दुसरा. मग ती थांबली.

लंगडली नाही, बुजली नाही. नुसती मान वळवून मागे बघत उभी राहिली.

भाच्यानं टाच मारली. चुचकारलं, मानेवर थोपटलं. शेवटी चाबूक उगारला. धाकटी दोन पावलं आडवी सरकली आणि पुन्हा मागे बघू लागली. प्रेक्षकांत आधी खसखस पिकली, मग तीही विरली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. घोडी काय करतेय ते इतरांना कळायला वेळ लागला असता. त्यांना लागला नाही.

आली तेव्हा ती उधळी होती. फाटक उघडलं की सगळ्यांच्या पुढे सुसाट सुटायची आणि अर्ध्यात दमून बसायची. मास्तरांनी तिला रोज सकाळी थोरल्या घोड्यांच्या मागे पळवली. पुढे गेली त्या दिवशी गाजर नाही, मागे राहिली की गाजर. शेवटच्या वळणापर्यंत धीर धरायचा, पुढचे घोडे जाऊ द्यायचे, मग त्यांना गाठायचं. महिनोन् महिने हाच एक धडा. पोर हुशार, धडा असा गिरवला की बघणारे म्हणायचे, घोडी शिकवावी तर मास्तरांनी.

आता वळण आलं होतं आणि पुढे कोणीच नव्हतं. म्हणजे ते अजून यायचे होते.

मास्तर धापा टाकत पंचांच्या मनोऱ्यापाशी गेले. "साहेब, तबेल्यातला एक म्हातारा घोडा आत सोडू का? नुसता तिच्या पुढून जाऊ दे. खांबाच्या अलीकडेच वळवून घेतो."

"फळ्यावर नाव नसलेला घोडा मैदानात आला की शर्यत रद्द, मास्तर. तुम्हाला का माहीत नाही?"

"मग मी जातो. लगाम धरून आणतो."

"हात लावलात की घोडी बाद." पंचांचा आवाज जरा खाली आला. "माझ्या हातात असतं तर, मास्तर... स्वारानं आणली तरच आली म्हणायचं, आणि तीही मी खाली उतरायच्या आत."

तिकडे भाचा मान झुकवून तिच्या कानाशी काहीबाही बोलत होता. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण विनवण्या चालल्याचं दिसत होतं. खांब तिथून ढेकूळ फेकलं तरी पोचेल इतका जवळ होता.

मालकीणबाई कठडा धरून मास्तरांजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "अहो, नुसतं बघत काय राहिलात? तुमचं ऐकते ना ती? हाक मारा, काहीतरी सांगा तिला!"

"ती माझंच ऐकतेय, बाई," मास्तर म्हणाले.

पंचांनी दुर्बीण बंद केली आणि ते जिना उतरू लागले. धाकटीनं रिकाम्या मैदानाकडे तोंड करून एकदा खिंकाळून बघितलं आणि कान टवकारून ती वाट पाहत राहिली.